दुबईत मुलांना घेऊन मॉलला जाताय? मग आधी हे ठरवून घ्या

जून सुरू झाला की दुबईतल्या प्रत्येक मराठी घरात एकच प्रश्न, पोरांना न्यायचं कुठे. पारा चाळीसच्या वर, हवा इतकी दमट की एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, आणि बागेतली घसरगुंडी संध्याकाळी पण बुडाला चटका देते. सुट्टीत भारतात जाणारे जातात, पण ज्यांची रजा नाही किंवा तिकिटांचे भाव बघून ज्यांनी बेत रद्द केलाय त्यांना ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मॉलशिवाय पर्याय नसतो. इथे मॉल म्हणजे बाजार कमी आणि छप्पर असलेली बागच जास्त. 2025 च्या ऑगस्टमध्ये तर इथल्या मॉलांमध्ये सकाळी सात ते दहा लोकांना चालायला-पळायला रीतसर मोकळीक दिली होती, मॅलथॉन म्हणून.

आता माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकते म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. घरातल्या खरेदीची फेरी वेगळी आणि मुलांची फेरी वेगळी. दोन्ही एकत्र केलं की ना धड खरेदी होते ना मुलं खूश होतात, तुम्ही ट्रायल रूममध्ये आणि नवरा बाहेर बाकड्यावर रडणारं पोर धरून, हे चित्र कुठल्याही शनिवारी कुठल्याही मॉलमध्ये दिसेल. ज्या दिवशी मुलांना नेताय त्या दिवशी खरेदी जास्तीत जास्त एक वस्तू, ती पण शेवटी. बाकी सगळं याच हिशोबाने लिहिलंय.

मॉल कुठला निवडायचा

इथे नवीन आलेला प्रत्येक जण आधी दुबई मॉललाच पळतो. जा, बघण्यासारखा आहेच, पण तीन वर्षांच्या पोराला घेऊन पहिलीच फेरी तिथे करू नका. 2008 मध्ये सुरू झालेला हा मॉल हजाराच्या वर दुकानांचा आहे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत मोठ्यांचे पाय बोलायला लागतात.

अगदी लहान मुलं असतील तर मी इब्न बतूता मॉल सांगेन. चौदाव्या शतकात मोरोक्कोहून निघून चीनपर्यंत फिरलेल्या प्रवाशाच्या नावाचा मॉल आहे, त्यामुळे आत सहा भाग केलेत, अंदालुसिया, ट्युनिशिया, इजिप्त, पर्शिया, भारत आणि चीन. पर्शियाच्या भागात वर रंगवलेला घुमट आहे, भारताच्या भागात हत्तीचं भलंमोठं घड्याळ, चीनच्या भागात आख्खं लाकडी जहाज. एका सरळ रेषेत चालत गेलं की सगळं दिसतं, त्यामुळे हरवायची भीती कमी, आणि तिकीट काहीच नाही. मुलाला आधी सांगा की आपण आज पाच देश ओलांडून जहाजापर्यंत जायचंय, मग कडेवर घे म्हणून कुरकुर जरा उशिराच सुरू होते.

मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये स्की दुबई आहे, आत शून्याखाली तापमान आणि खरा बर्फ. आत जायचं तिकीट महाग आहे पण बाहेरच्या काचेतून फुकटात तासभर बघता येतं, लोक धडपडताना बघून मुलं जाम हसतात. देरा सिटी सेंटर जुना, 1995 चा, आटोपशीर, मेट्रोला चिकटून, आणि तिथे मॅजिक प्लॅनेट म्हणजे मुलांचा गेम झोन आहे. करामा-बर दुबईकडे राहणाऱ्यांना बरजुमान सोयीचा, मेट्रोच्या दोन्ही लाइन तिथेच भेटतात. शारजात राहणाऱ्यांनी मुलांसाठी म्हणून दरवेळी बॉर्डर ओलांडून ट्रॅफिकमध्ये दीड तास घालवायची काही गरज नाही, तुमच्याकडे सहारा सेंटर आहे, आत मुलांचे पाळणे-बिळणे सगळं आहे.

दिवस आणि वेळ

2022 पासून इथे शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस झाला. त्यामुळे शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र मॉल तुडुंब असतात. पण यात एक गंमत आहे, इथले लोक सुट्टीच्या दिवशी उशिरा उठतात, म्हणून शनिवारी सकाळी दहाला मॉल उघडतानाच पोचलात तर पार्किंग पण मिळतं, लिफ्ट पण रिकामी आणि दुबई मॉलच्या मत्स्यालयात मासे बघायला काचेपाशी जागा पण. साडेबारा-एकला निघायचं, पोरं गाडीत झोपतात, घरी येऊन वरण-भात. संध्याकाळी सहानंतर दोन मुलं आणि स्ट्रोलर घेऊन दुबई मॉलला जाणं म्हणजे लिफ्टसमोर पंधरा-पंधरा मिनिटं उभं राहणं, तेव्हा मॉलबाहेरचं कारंजं बघायचंच असेल तरच संध्याकाळ निवडा.

31 डिसेंबरला तर त्या बाजूला फिरकूच नका. बुर्ज खलिफाच्या आतषबाजीसाठी गर्दी इतकी होते की तिथलं मेट्रो स्टेशन संध्याकाळीच बंद करतात, रस्ते पण बंद, आणि मग लहान मुलाला घेऊन मध्यरात्री किलोमीटरच्या किलोमीटर चालावं लागतं.

जायचं कसं

मेट्रोने जात असाल तर पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. बाकी सगळ्यांना नोल कार्ड, म्हणजे पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड, साध्या सिल्व्हर कार्डावर अंतराप्रमाणे 3, 5 किंवा साडेसात दिरहॅम. बायका-मुलांसाठी वेगळा डबा असतो, गुलाबी खुणा केलेल्या असतात, स्ट्रोलर असेल तर तिथेच चढा. नवरा सोबत असेल तर त्याला त्या डब्यात उभं करू नका, 100 दिरहॅम दंड आहे. आणि मेट्रोत खाणं-पिणं-च्युइंगगम सगळ्याला बंदी, त्यालाही 100 दिरहॅम, म्हणून चिवड्याची डबी स्टेशनात शिरायच्या आधीच बंद करा. पोर भुकेलं असेल तर आत जायच्या आधी खायला घाला, मध्येच सुटका नाही.

दुबई मॉलचं स्टेशन मॉलला चिकटून नाही हे नवीन माणसाला माहीत नसतं. स्टेशनपासून मॉलपर्यंत 820 मीटरचा एसी पूल आहे, मध्ये मध्ये सरकते पट्टे आहेत. मोठ्यांना दहा-बारा मिनिटं, पण चालत्या पट्ट्यावर उलट पळायची हौस असलेलं पोर सोबत असेल तर पंचवीस धरा. येताना पण तेवढंच चालायचंय आणि तेव्हा सगळे दमलेले असतात, निघायची वेळ ठरवताना हे धरूनच ठरवा.

गाडीने जात असाल तर चार वर्षांपर्यंतच्या मुलाला कार सीट लागतेच, नाहीतर 400 दिरहॅम दंड आणि लायसन्सवर चार ब्लॅक पॉइंट, म्हणजे नियम मोडल्याचे गुण. दहा वर्षांखालच्या मुलाला पुढच्या सीटवर बसवायचं नाही. पुण्यात काय आपण पुढे मांडीवर घेऊन बसतो, ते इथे अजिबात नाही. दुबई मॉलचं पार्किंग जुलै 2024 पासून पेड झालंय. फॅशन, ग्रँड आणि सिनेमा पार्किंगला सोमवार ते शुक्रवार पहिले चार तास फुकट आणि शनिवार-रविवार सहा तास, त्यानंतरचे पैसे सालिकमधून, म्हणजे गाडीच्या टोलच्या खात्यातून, आपोआप कटतात. मुलांबरोबर चार तास खरं तर भरपूर झाले. गाडी लावली की खांबावरचा रंग, अक्षर, नंबर सगळ्याचा फोटो काढा, आणि फक्त खांबाचा नाही, कुठल्या पार्किंगमध्ये आहोत त्या पाटीचा पण, कारण बी-12 खांब प्रत्येक पार्किंगमध्ये असतो.

आणि हे वेगळं सांगते कारण अजूनही लोक करतात, “दोन मिनिटांत दूध घेऊन येते” म्हणून झोपलेल्या बाळाला गाडीत ठेवून जायचं नाही, एसी चालू ठेवून पण नाही. उन्हाळ्यात बंद गाडी काही मिनिटांत भट्टी होते, आणि इथे मुलांच्या हक्कांचा 2016 चा वदीमा कायदा आहे, मुलाकडे असं दुर्लक्ष करणं थेट गुन्हा आहे.

पिशवीत काय काय

फार नको, पण हे हवंच. प्रत्येकाला एक पातळ स्वेटर किंवा स्टोल, कारण बाहेर 44 आणि आत 22, दोन तासांत मुलं शिंकायला लागतात. मोजे, अगदी सँडल घालून निघालात तरी, सगळ्या प्ले एरियात मोज्यांशिवाय सोडत नाहीत आणि तिथले मोजे विकत घ्यायला गेलं की जीवावर येतं. पाण्याच्या बाटल्या. एक जादा चड्डी-पँट. एक कापडी पिशवी, जून 2024 पासून दुबईत एकदाच वापरायच्या पिशव्यांवर बंदी आहे, दुकानात जाड पिशवीचे पैसे मोजावे लागतात. थोडं कोरडं खाणं, शंकरपाळी, राजगिऱ्याचे लाडू, काहीही ज्याचा रस गळत नाही. स्वच्छतागृहात इथे जेट स्प्रे असतोच, त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या लोकांसारखी बाटली घेऊन फिरायची वेळ येत नाही. मोठ्या मॉलमध्ये बाळाला पाजायला वेगळी खोली असते, विचारलं की दाखवतात.

पायात क्रॉक्ससारखे मऊ रबरी चप्पल घालून पोरांना सरकत्या जिन्यावर सोडू नका. कडेला पाय घासला की ते रबर जिना आणि भिंतीच्या फटीत ओढलं जातं. बूट घाला, आणि जिन्यावर मधोमध उभं करून हात धरा. स्ट्रोलर कितीही घाई असली तरी जिन्यावर चढवायचा नाही.

आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं

दारातच थांबा, कुठेही जाऊ नका. पहिलं काम, मुलाचा आजच्या कपड्यातला एक पूर्ण फोटो मोबाइलमध्ये. हरवलं तर “निळा टीशर्ट होता की हिरवा” यावर नवरा-बायकोचं भांडण होतं, फोटो असला की सिक्युरिटीला दाखवता येतो. दुसरं, मनगटावर बॉलपेनने तुमचा इथला मोबाइल नंबर, 05 ने सुरू होणारा, भारतातला नाही. वर जरा टेप चिकटवा म्हणजे घामाने पुसत नाही. तिसरं, मुलाला दाखवा की सिक्युरिटीवाले काका आणि काउंटरवरच्या ताई कशा दिसतात, त्यांच्या गळ्यात ओळखपत्र असतं. त्याला सांगायचं, आई-बाबा दिसले नाहीत तर शोधत फिरायचं नाही, आहेस तिथेच उभा राहा आणि ओळखपत्रवाल्याला नंबर दाखव.

आई-बाबांची नावं पाठ आहेत का ते पण बघा. बऱ्याच चार वर्षांच्या मुलांना आईचं नाव विचारलं तर ती “आई” म्हणूनच सांगतात, आणि काउंटरवरच्या फिलिपिनो ताईला त्यातून काही कळत नाही.

पोर दिसेनासं झालंच तर एकाने त्याच जागी थांबायचं, दुसऱ्याने जवळच्या सिक्युरिटीला गाठायचं. दोघांनी दोन दिशांना पळू नका. पोलिसांचा नंबर 999, पण मॉलच्या कॅमेऱ्यांची खोली त्याच्याही आधी कामाला लागते, त्यामुळे आधी सिक्युरिटी.

फुकटात काय बघायचं

ही यादी मुलांसोबत जाणाऱ्याला सोन्यासारखी, आणि यातलं बरंचसं दुबई मॉलमध्येच आहे.

तिथलं मत्स्यालय म्हणजे एक कोटी लिटर पाण्याची टाकी, आणि तिची जवळजवळ 33 मीटर रुंद आणि 8 मीटर उंच पारदर्शक भिंत मॉलच्या वाटेवरच उघडी आहे. आतल्या बोगद्याचं तिकीट लागतं, पण या भिंतीसमोर उभं राहायला एक पैसा लागत नाही. लोक फोटो काढून दोन मिनिटांत पुढे जातात, तुम्ही खाली जमिनीवर बसा, मुलाला कोपऱ्यात काचेला नाक लावून उभं करा. मधोमध गर्दी असते, कोपऱ्यात नाही. पाकट येतं ते पोट काचेला घासत वर जातं, आणि त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं हे मुलांना एकदम जवळून दिसतं, मग मागून मुशी, मग एखादा सुस्त गोब्रा. मालवणकडची आजी सोबत असेल तर ती तिथेच कुठल्याचं सुकं आणि कुठल्याचं तिखलं ते सांगायला लागेल, सांगू द्या. पाणबुडे आत उतरले असले तर ते पोरांना हात करतात, आणि तो हात आपल्यालाच केलाय अशी प्रत्येक पोराची खात्री असते.

दुसरं म्हणजे डायनासोरचा सांगाडा. 24 मीटर लांब, साडेसात मीटर उंच, अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये 2008 मध्ये सापडलेला, साडेपंधरा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि बहुतेक हाडं खरी. सहा-सात वर्षांच्या पोरांना शेपटीपासून डोक्यापर्यंत पावलं मोजायला लावा, तेवढ्यात तुमचा चहा पिऊन होतो. मग चार मजली धबधबा, त्यात सूर मारणारी माणसं बसवलेली आहेत. आइस रिंकवर घसरणारे लोक वरच्या कठड्यावरून बघता येतात. बाहेर तळ्यावरचं कारंजं संध्याकाळी दर अर्ध्या तासाने असतं. मुलाला कारंजाच्या आवाजाची भीती वाटते का ते आधी बघा, अगदी कठड्याला जाऊ नका, आणि उन्हाळ्यात बाहेर पाच मिनिटांच्या वर थांबू नका.

एका फेरीला यातलं एक मोठं आणि एक छोटं. सगळं एका दिवसात उरकायचा हट्ट पाहुण्यांनी करावा, इथे राहणाऱ्यांनी कशाला.

पैसे लागणारे खेळ

गेम झोनमध्ये कार्ड रिचार्ज करायचं असतं, आणि काउंटरवरचा माणूस “एवढे भरले तर एवढे फ्री” असं सांगतोच. आकडा घरून ठरवून जा आणि मुलालाही सांगा, आज कार्डात पन्नास आहेत, संपले की संपले. कार्ड त्याच्याच हातात द्या. प्रत्येक मशीनवर किती कापले ते दिसतं, आणि आठ वर्षांचं पोर स्वतःच हिशोब करायला लागतं, टेडी पकडायच्या मशीनवर पैसे घालवणं आपोआप कमी होतं. दिरहॅमचे रुपये मनात करणं आपल्यालाही थांबवावं लागतं, नाहीतर प्रत्येक गोष्ट वीस-पंचवीसने गुणून बघितली की साधं आइस्क्रीम पण घशाखाली उतरत नाही. पण महिन्याला मुलांवर किती, हा आकडा मात्र ठरलेला असू दे.

खेळण्याच्या दुकानासमोरून जावंच लागतं, बांधणाऱ्यांनी ते मुद्दाम वाटेत ठेवलेलं असतं. आत जायचंच असेल तर “आज बघायचं, फोटो काढायचा, वाढदिवसाच्या यादीत टाकायचं” हा नियम. यादी खरंच ठेवा आणि त्यातली एखादी वस्तू खरंच आणा, नाहीतर पोरं दुसऱ्यांदा फसत नाहीत. जमिनीवर लोळून रडणं सुरू झालं तर लोकांकडे बघू नका, उचला आणि शांत कोपरा गाठा. इथे कोणी नाक मुरडत नाही, उलट एखादी अरबी आजी येऊन पोराच्या हातात चॉकलेट कोंबून जाते आणि तुमच्या शिस्तीचे बारा वाजवते.

खाणं

फूड कोर्टात बारा वाजताच बसा, दीडनंतर टेबल मिळत नाही. डोसा, पावभाजी, पराठे, सगळं मिळतं, शाकाहारी लोकांची गैरसोय फारशी नाही. एक गोष्ट मात्र नवीन लोकांना कोणी सांगत नाही. इथे पिझ्झ्यावरचं पेपरोनी, हॉटडॉग, सॉसेज हे सहसा बीफचं असतं, आणि बर्गरमध्ये काहीच न सांगता मागवलं तर तेच येतं. ज्यांच्या घरात चालत नाही त्यांनी दरवेळी “चिकन का व्हेज” असं स्पष्ट विचारा. जेली, मार्शमेलोमध्ये पण जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून काढतात, पाकिटावर मागे बघा.

रमजानमध्ये मुलांना खायला घालायला काही अडचण नसते. आपण मोठ्यांनी दिवसा हातात कप घेऊन मॉलभर हिंडू नये, बसूनच खावं-प्यावं, एवढी रीत पाळली की झालं.

कपड्यांचं पण तसंच, खांदे आणि गुडघे झाकतील असं काही घाला, मॉलच्या दारावर पाटी असतेच. आणि मुलाचा फोटो काढताना मागे दुसऱ्या कुटुंबातल्या बायका येत असतील तर थांबा. परवानगीशिवाय अनोळखी माणसाचा फोटो काढणं इथे कायद्याने गुन्हा आहे, आणि रील करणाऱ्या मोठ्या मुलांना तर हे नीट बसवून सांगा.

खरेदी आणि आजी-आजोबा

जून ते ऑगस्ट दुबई समर सरप्राइजेस हा खरेदीचा उत्सव असतो, त्याचा तो पिवळा बाहुला मोधेश जिकडेतिकडे दिसतो. ऑगस्टमध्ये दप्तरं, डबे, बुटांवर सवलत लागते. आपल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं त्यामुळे तेव्हा नवीन काही लागत नाही असं वाटतं, पण एप्रिलमध्ये आणलेल्या डब्याचं झाकण तोपर्यंत गेलेलंच असतं, आणि पुढच्या एप्रिलचं दप्तर पण आत्ताच स्वस्तात मिळतं. ही खरेदी एका जणाने आठवड्यातल्या दिवशी रात्री नऊनंतर एकट्याने जाऊन करा.

आजी-आजोबा व्हिजिट व्हिसावर आले असतील तर त्यांच्यासाठीची खरेदी त्यांच्याच पासपोर्टवर करा. 2018 पासून इथे 5 टक्के व्हॅट आहे आणि टुरिस्टना तो बराचसा परत मिळतो, दुकान त्या योजनेत असायला हवं आणि बिल किमान 250 दिरहॅमचं. बिल करतानाच सांगायचं, आणि जाताना एअरपोर्टवर सामान चेक-इन करायच्या आधी मशीनवर किंवा काउंटरवर शिक्का घ्यायचा. बॅगा आत गेल्या की मग काही करता येत नाही. रेसिडेन्स व्हिसावाल्यांना हे लागू नाही, म्हणून तुमच्या नावाने बिल केलं तर उपयोग शून्य. आजोबांना मुलांमागे पळायचं काम देऊ नका, त्यांना मत्स्यालयासमोरच्या जागी बसवा आणि मुलांना तिथे आणून सोडा, दोघांचंही छान जमतं.

निघताना

निघायच्या वीस मिनिटं आधी सांगा, मग दहा, मग “हा शेवटचा”. शेवटचा म्हटल्यावर खरंच शेवटचा. बाथरूमला सगळ्यांना नेऊनच पार्किंगकडे वळा, कारण शेख झायेद रोडला अडकलात तर मध्ये थांबायला जागा नाही. टॅक्सी घ्यायची असेल तर रांगेत उभं राहा, एकट्या बाईला मुलांसकट जायचं असेल तर गुलाबी टपाची टॅक्सी असते, चालक बाई असते.

आणि हे सगळं ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच. हवा जरा सुटली की मॉल बंद करा, झबील पार्क नाहीतर ममझार पार्कला जा. दोन्हीकडे माणशी 5 दिरहॅम, झबीलला तर नोल कार्डच चालतं. तिथे डबा नेता येतो, सतरंजी टाकता येते, आणि मुलांना आवाज कमी करा म्हणून कोणी सांगत नाही.